एकास चार

औशाच्या ग्रामीण रुग्णालयात
मी रक्तातलं पाणी वेगळं करतो,
छप्पन्न अंशांवर अर्धा तास ठेवतो.
मग काचेच्या पट्टीवर बारा गोल,
एकेका गोलात एकेका बाईचा थेंब,
आणि वर एक थेंब अर्काचा,
जो बैलाच्या काळजातून काढतात.
हे मी कुणाला सांगत नाही.

चार मिनिटं पट्टी गरगरली.
अकरा गोल नितळ.
सातव्यात कण धरले होते,
नासायला लागलेल्या दुधासारखे, बारीक.
पातळ करत गेलो. एकास चारपर्यंत टिकले.
रजिस्टरात लिहिलं, रिअ‍ॅक्टिव्ह.
महानंदा नागनाथ तोडकर, वय सव्वीस, तिसरा महिना.
आधीची बाळंतपणं या रकान्यात
सिस्टरने तीन लिहून तिन्हींवर काट मारलेली.

एप्रिल होता. डांबर चपलेला धरत होतं.
तिची सासू केवळबाई खिडकीत तोंड घालून म्हणाली,
"काय निघालंय रं बाबा तिच्या रगतात?"
मी म्हणालो, अजून एक तपासणी लातूरला जायचीय.
रांगेतल्या कुणीतरी मागून शब्द पुरवला,
गरमी.
आमच्याकडे त्या शब्दाचे दोन अर्थ आहेत.
दुपारी दीडला दोन्ही अंगावर येतात.

मॅडमनी त्याच दिवशी पेनिसिलिन टोचलं,
पोटुशीला थांबवून ठेवत नाहीत.
गल्लीला तेवढंच पुरलं.
औषध दिलं म्हणजे रोग असणारच की!

नागनाथ बोअरच्या गाडीवर, तिकडं रायचूरकडं.
फोनवर त्याने आईची शपथ घेतली, खंडोबाची घेतली,
लेकराची घ्यायला लेकरू नव्हतं.
महानंदाने कुणाचीच घेतली नाही.
आठ दिवस ती वेगळ्या तांब्याने पाणी प्यायली.
तांब्या तिला कुणी दिला नव्हता,
तिनंच वेगळा काढला.

मला त्या आठ दिवसांत भुजंग आठवत राहिला.
किनवटच्या जंगलातून हिवताप घेऊन आलेला पोरगा,
मी नवा होतो, भरतीच्या तपासणीचा कागद
पाकिटात न घालता त्याच्या मामाच्या हातात दिला.
ताप उतरला. दुसरा कागद कोरा आला.
तोवर पोरीची हळद उदगीरला लागली होती.

नवव्या दिवशी लातूरहून आलं, निगेटिव्ह.
मी केवळबाईला तीनदा वाचून दाखवलं.
"मग पयलं खोटं व्हतं का?"
मला उत्तर आलं नाही.

मॅडमना मात्र तो खोटेपणाच खटकला.
उन्हात गाल लाल होतात का?
सकाळी बोटं आखडतात?
महानंदा म्हणाली, वेणी घालायला होत नाही,
जाऊबाईकडून घालून घेते. वर्ष झालं.
म्हणजे चार वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.
परत रक्त लातूरला, परत पंधरा दिवस.

तर असं होतं.
तिचं रक्त तिच्याच अंगावर उठलेलं,
वारेत गुठळ्या धरणारं. त्या तिघांची वाट तिथंच बुजली.
माझ्या काचेवर त्याने बैलाच्या काळजाला ओळखलं
आणि तिथंही धरलं.
मी रोगाचं नाव चुकीचं लिहिलं होतं.
कण मात्र होतेच.

ती विचारत होती, ते पान फाडता येतं का?
फाडता येत नाही. पानांना नंबर असतात.
शेऱ्याच्या रकान्यात मी बारीक अक्षरात
सगळं लिहिलं, रकान्याबाहेर गेलं.
गल्लीत तो रकाना कोण वाचणार.

आता सहावा लागलाय.
पोटात रोज एक सुई घ्यायची.
औषध ओल्या फडक्यात, माठाशेजारी.
नागनाथ गाडी सोडून आलाय, सुई तोच देतो.
पाचशे फूट खडक फोडणारे हात
दोन बोटांत कातडी धरतात,
आणि तो विचारतो म्हणे दर वेळी,
"लई खोल गेली का?"